ड्रायव्हर उजवीकडे पळतो, काकांची तूर तुडवली जाते. उपाय सांगा

धुऱ्यावरचा_फौजी
14 ऑक्टोबर, रात्री 9:20

राम राम मंडळी. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

मी हिंगणघाटकडचा. 17 वर्षं फौजेत काढून दोन वर्षांपूर्वी गावी परतलो. शेवटच्या पोस्टिंगला छावणीच्या गोल्फ मैदानाची देखरेख माझ्याकडे होती. गवत, पाणी, पंप, मजुरांची हजेरी. साहेब लोक खेळून गेले की आम्हीही चार बॉल मारून घ्यायचो, तिथंच नाद लागला. निघताना एका साहेबांनी आपला जुना सेट दिला. त्यातला ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, 9 अंशांचा आहे (तोंडाचा तिरपेपणा, त्याला लॉफ्ट म्हणतात), शाफ्ट म्हणजे दांडी स्टिफ, कडक.

गावात मैदान कुठून आणणार? आमची एक लांबट पट्टी आहे, अडीच एकराची. लांबी 200 यार्डांच्या आसपास, रुंदी 60. सोयाबीन निघालं की रिकामीच पडते, कारण विहिरीचं पाणी डावीकडच्या अर्ध्या एकर हरभऱ्यालाच पुरतं. समोर नाला, नाल्याच्या काठावर पळस, पलीकडे ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईची जमीन. उजवीकडे धुरा (बांध), आणि धुऱ्यापलीकडे शेजारच्या काकांची तूर. आता छातीला लागते आणि फुलावर यायच्या बेतात आहे.

मी पळसावर नेम धरतो. बॉल पळसाच्या जरा डावीकडून निघतो, शंभर-सव्वाशे यार्ड शहाण्यासारखा जातो, आणि मग कासऱ्याला हिसका दिल्यासारखा उजवीकडे वळतो तो थेट तुरीत. दहातले आठ. 7 नंबरच्या आयर्ननं, म्हणजे जास्त तिरप्या तोंडाच्या क्लबनं, एवढं होत नाही. मग मी विहिरीवर नेम धरून पाहिला, म्हणजे चांगला डावीकडे. तर तो आणखीच वळला!

काकांना पहिला बॉल सापडला तेव्हा हातावर घेऊन म्हणाले, "हे कोन्या पाखराचं अंडं होय बे?" आता ओळखतात. काल म्हणाले, "तू अंडे धुंडाले येतं अन् माह्ये दोन तास तुडवून जातं. फुलं झडले त मंग पाहाजो." (तास म्हणजे आमच्याकडे पिकाची ओळ.)

याला स्लाइस म्हणतात एवढं माहीत आहे. जाईल कसा ते सांगा.

टायरपंक्चर
14 ऑक्टोबर, रात्री 9:31

गाडी कोणती आहे भाऊ? पुढच्या चाकांची अलाइनमेंट करून घ्या. उजव्या टायरात हवा कमी असली तरी गाडी त्या बाजूला ओढते. ड्रायव्हरला उगीच दोष देऊ नका.

टायरपंक्चर
14 ऑक्टोबर, रात्री 9:38

आता पूर्ण वाचलं. माफी. पण अलाइनमेंटचं म्हणणं मागे घेत नाही.

बॅकफूट_पंच
14 ऑक्टोबर, रात्री 10:05

सोपं आहे. 40 यार्ड उजवीकडे जातो ना? मग 40 यार्ड डावीकडे नेम धरा. वारा असला की क्षेपणास्त्रवाले काय करतात?

रातराणी
14 ऑक्टोबर, रात्री 10:22

पंच, त्यांनी तेच केलं आणि बॉल आणखी वळला, असं लिहिलंय की वर. धागा वाचून प्रतिसाद द्यायची पद्धत अजून चालू आहे ना?

फौजीभाऊ, मी नागपूरची, सहा वर्षं खेळतेय. मी डावखुरी आहे, त्यामुळे माझा स्लाइस डावीकडे जायचा. दुखणं तेच, फक्त आरशातलं. आधी एक सांगा, बॉल फेसवर, म्हणजे क्लबच्या तोंडावर, कुठे लागतो ते पाहिलंय का? मधोमध, की शाफ्टच्या बाजूला, म्हणजे हीलवर?

मुळाकाठ
15 ऑक्टोबर, सकाळी 7:48

मी पुण्यात गेली नऊ वर्षं खेळतो आहे. हा 'ओव्हर द टॉप'चा नमुना आहे. डाउनस्विंगच्या, म्हणजे क्लब खाली आणण्याच्या, सुरुवातीलाच उजवा खांदा पुढे येतो, क्लब बाहेरून आत कापत जातो. आधी पाथ, म्हणजे क्लबची वाट, सुधारा, बाकी सगळं आपोआप येतं. आणि हो, 9 अंशांचा स्टिफ ड्रायव्हर कृपया विकून टाका. हल्ली हीलकडे वजन दिलेले, बॉल डावीकडे वळवायला मदत करणारे 'ड्रॉ बायस'चे ड्रायव्हर मिळतात, लॉफ्ट स्क्रूनं कमीजास्त करता येतो. एकदा खर्च केलात की निम्मं काम झालं.

पदार्थविज्ञान_मास्तर
15 ऑक्टोबर, दुपारी 1:15

मधल्या सुट्टीत लिहितोय, थोडं लांबेल.

बॉल वळतो कशानं? फिरण्यानं. फिरणारी वस्तू हवेतून जाताना एका बाजूला ढकलली जाते, याला मॅग्नस परिणाम म्हणतात. हाइनरिख मॅग्नसनं तो 1852 साली मांडला. गोल्फच्या बॉलवर डोकं खपवलं ते एडिनबरोच्या पीटर गथ्री टेट या प्राध्यापकानं, 1890च्या दशकात. बॉल उलटा फिरतो म्हणून हवेत टिकून राहतो हे त्यानं दाखवलं. त्याचा मुलगा फ्रेडी टेट तर 1896 आणि 1898 साली ब्रिटिश ॲमॅच्युअर, म्हणजे हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकला होता. बाप कागदावर, मुलगा गवतावर.

लोक समजतात की स्लाइसमध्ये बॉल भोवऱ्यासारखा आडवा फिरतो. तसं नसतं. बॉल उलटाच फिरतो, फक्त फिरण्याचा आस उजवीकडे कललेला असतो. घार पंख कलते करून वळते ना, तसं. आणि आस कलतो केव्हा? फेसचं तोंड एकीकडे आणि क्लबची वाट दुसरीकडे असते तेव्हा. या दोघांतला फरक जेवढा, तेवढा बॉल वळणार.

भाऊंच्या 7 नंबरचं कोडं यातच सुटतं. त्याचा लॉफ्ट मोठा, म्हणून उलटा फेरा जास्त, म्हणून तेवढ्याच फरकाला आस कमी कलतो. ड्रायव्हर 9 अंशांचा, त्याला लपवाछपवी जमत नाही. शिवाय बॉल जातोही लांब, त्यामुळे वळायला जागा मिळते.

आता महत्त्वाचं. बॉल निघतो कुठल्या दिशेनं हे बहुतांशी फेस ठरवतो, ड्रायव्हरला साधारण 80 ते 85 टक्के. पूर्वी बरोबर उलटं शिकवत: निघतो वाटेनं, पोचतो फेसकडे. रडारनं मोजायला लागल्यावर ते मोडीत निघालं. भाऊंचा बॉल पळसाच्या जरा डावीकडून निघतो. म्हणजे फेस निशाण्याच्या हिशेबानं जवळपास सरळ, किंचित डावा. पण वाट फारच डावीकडे जातेय, म्हणून तिच्या हिशेबानं फेस उघडा. विहिरीवर नेम धरल्यावर वाट आणखी डावी झाली, फरक वाढला, वळण वाढलं. पंचांचं क्षेपणास्त्र इथे पडतं.

तास सुरू झाला. जातो.

बॅकफूट_पंच
15 ऑक्टोबर, दुपारी 1:40

मास्तर, पडलो. पाणी द्या.

तूरवाली_काकू
15 ऑक्टोबर, दुपारी 3:02

मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण आमचंही वावर आहे म्हणून लिहिते. ते काका बरोबर आहेत. फुलावरच्या तुरीत माणूस शिरला की खांद्याला लागून फुलं झडतात. एक बॉल शोधायला तुम्ही किती तास तुडवता, त्याचा हिशेब करा. आणि नाल्यापलीकडे ई-क्लास म्हणता, म्हणजे तिथे ढोरं चरतात, मागे गुराखी असतो. एखाद्या पोराच्या डोक्यात बसला तर?

पदार्थविज्ञान_मास्तर
15 ऑक्टोबर, संध्याकाळी 6:10

काकू बरोबर बोलतात. बॉल लिंबाएवढा, वजन नियमानं जास्तीत जास्त 45.93 ग्रॅम. पण हौशी माणसाच्या ड्रायव्हरवरूनही तो ताशी 200 किलोमीटरच्या घरात निघतो. हसण्यावारी नेऊ नका.

धुऱ्यावरचा_फौजी
15 ऑक्टोबर, रात्री 8:55

काकू, कान पकडतो. ढोरं दुपारी चारला गावाकडे वळतात, मी साडेचारनंतरच मारतो, आणि आधी पुतण्या नाल्यापर्यंत जाऊन पाहून येतो. मैदानावर 'फोर' ओरडतात, आमच्याकडे पुतण्या "हटाऽऽ" ओरडतो. तुरीत जाणं मात्र आजपासून बंद. गेला तो गेला. 46 बॉल होते, आता 19 उरलेत.

मुळाकाठ साहेब, नवीन ड्रायव्हरच्या पैशात माझं हरभऱ्याचं बियाणं आणि खत येतं. आहे त्यातच भागवायचंय.

रातराणीताई, फेसवर कुठे लागतो ते कसं पाहायचं? छावणीत साहेब लोक पायाच्या पावडरचा फवारा मारायचे.

जुना_कॅडी
15 ऑक्टोबर, रात्री 11:30

फौजी, तुझ्या गावात तंबाखू खाणारं कोणी नाही का?

डबीतला चुना घे. बोटानं बॉलच्या मागच्या बाजूला, जिथं क्लब लागणार तिथं, पातळसा लाव. मार. फेसवर पांढरा ठिपका उमटेल. दहा बॉल मार, दर वेळी पुसून. मग लिही.

मी 22 वर्षं खेळणाऱ्या साहेबांच्या बॅगा उचलल्या. शिकवायचा परवाना माझ्याकडे नाही, पण दुसऱ्यांच्या स्लाइसचे बॉल झुडपांतून जेवढे मी काढले तेवढे कोणी काढले नसतील. 2019 पासून नियमानं बॉल शोधायला 3 मिनिटं मिळतात, आधी 5 मिळायची. साहेबाच्या त्या पाच मिनिटांत मी पाहून ठेवायचो की तो ग्रिप कशी धरतो.

तर ग्रिप, म्हणजे पकड. ड्रायव्हर धर आणि खाली न वाकता आपल्या डाव्या मुठीकडे बघ. बोटांच्या किती गाठी दिसतात? एकच किंवा दीड दिसत असेल तर तुझं दुखणं तिथंच आहे. डावा हात शाफ्टवर उजवीकडे फिरव, अडीच-तीन गाठी दिसेपर्यंत. अंगठा शाफ्टच्या बरोब्बर माथ्यावर नको, जरा उजवीकडे. मग उजवा हात त्यावर असा ठेव की अंगठा आणि पहिल्या बोटाची खाच उजव्या खांद्याकडे बघेल. दांडी बोटांत असू दे, तळव्यात नको. आणि आवळू नकोस. नवा माणूस डवऱ्याचं रुमणं दाबतो तसा दाबशील तर मनगट फिरणार नाही आणि फेस उघडाच राहील.

सुरुवातीला चुकल्यासारखं वाटेल. वाटू दे.

मुळाकाठ
16 ऑक्टोबर, सकाळी 7:30

सहमत नाही. वाट डावीकडे जाणाऱ्या माणसाची ग्रिप घट्ट... म्हणजे तुम्ही सांगता तशी हात उजवीकडे फिरवून 'स्ट्राँग' केली तर बॉल सरळ डावीकडे जाईल. त्यांच्या विहिरीत. माझ्या कोचनं आधी तीन महिने माझा पाथच सुधारला होता.

जुना_कॅडी
16 ऑक्टोबर, रात्री 10:50

जाईलच विहिरीकडे. गेलाच पाहिजे.

साहेब, माणूस डावीकडे का कापतो? बॉल उजवीकडे पळतो हे त्याच्या अंगाला माहीत झालेलं असतं, म्हणून अंग आपोआप डावीकडे ओढतं. फेस उघडा आहे तोवर तुम्ही त्याला वाट सुधारायला लावली तर बॉल सरळ उजवीकडे ओबीत, म्हणजे हद्दीबाहेर जातो. दोन दिवसांत तो वाट सोडतो आणि तुमचा कोचही. फेस बंद झाला की बॉल डावीकडे जातो, आणि मग तेच अंग त्याला उजवीकडे न्यायला बघतं. वाट अर्धी तर तिथंच सुधारते. तुमच्यासमोर कोच रोज उभा होता, तीन महिने. याच्यासमोर पुतण्या आहे.

रातराणी
16 ऑक्टोबर, रात्री 11:15

हे आवडलं. मला हे असं कोणी सांगितलं असतं तर दीड वर्ष वाचलं असतं.

धुऱ्यावरचा_फौजी
19 ऑक्टोबर, रात्री 9:10

हजेरी देतो.

चुना काकांच्याच डबीतला घेतला. त्यांना म्हटलं बॉलला लावायचाय, तर त्यांनी डबी देताना माझ्याकडे असं पाहिलं की आता याचं पक्कं फिरलं. दहा बॉल मारले. सात ठिपके शाफ्टच्या बाजूला, त्यातले दोन पार काठावर. दोन मधे. एक कुठेच नाही, कारण क्लबच बॉलच्या डोक्यावरून गेला.

गाठी मोजल्या. एक. फक्त एक! फौजेत रायफलची पकड 17 वर्षं बरोबर, आणि इथे एक गाठ. हात फिरवून अडीच केल्या. पहिले पाच बॉल मनगट दुसऱ्याचं असल्यासारखे गेले. सहावा निघाला तो सरळ, अजिबात न वळता, डावीकडे. पंपाच्या खोलीच्या टिनावर असा आवाज झाला की आई घरातून धावत आली. (घर दूर आहे, आई नेमकी हरभऱ्याच्या तुकड्यात होती. पण धावली हे खरं.)

विहिरीच्या बाजूला पाच. तुरीत तीन, तेही पहिल्यापेक्षा कमी वळले.

हे बरं झालं की वाईट?

जुना_कॅडी
19 ऑक्टोबर, रात्री 9:34

पेढे वाट.

पदार्थविज्ञान_मास्तर
19 ऑक्टोबर, रात्री 10:02

सरळ डावीकडे म्हणजे फेस आणि वाट एका दिशेला आले. आस कलला नाही म्हणून वळला नाही. आता दोघांना मिळून पळसाकडे फिरवायचं एवढंच.

चुन्याच्या ठिपक्यांबद्दल. ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो, हातानं चाचपून पाहा, आडवा थोडा फुगीर असतो. बॉल हीलवर लागला की क्लबचं डोकं किंचित फिरतं आणि दोन दातेरी चाकं एकमेकांत बसल्यासारखा बॉलला उलट दिशेचा फेरा देतं. हीलवर लागला तर हा फेरा उजवीकडचा, टोवर, म्हणजे टोकाकडे लागला तर डावीकडचा. म्हणजे भाऊंच्या स्लाइसला दोन बाप होते. फेस कितीही सुधारला तरी ठिपका काठावरच राहिला तर थोडं वळण राहणारच.

रातराणी
19 ऑक्टोबर, रात्री 10:20

बॉलपासून दोन बोटं मागे उभं राहून बघा. आणि फौजीभाऊ, मागून एक फोटो टाका ना, बॉल मारायच्या आधीचा. पुतण्याला तुमच्या बरोब्बर मागे, पळसाच्या रेषेत उभा करा. चेहरा नको, खांदे आणि पाय दिसले की झालं.

धुऱ्यावरचा_फौजी
21 ऑक्टोबर, रात्री 8:40

फोटो टाकलाय. टी, म्हणजे बॉल ठेवायची खुंटी, कशाचा आहे ते विचारू नका. तरी सांगतो. काळी माती वाळली की सिमेंट होते, लाकडी टी शिरतच नाही, दोन मोडले. म्हणून 16 मिलिमीटरच्या ठिबकच्या नळीचा इंचभर तुकडा कापून जमिनीच्या भेगेत बसवतो. बॉल छान बसतो.

रातराणी
21 ऑक्टोबर, रात्री 9:05

भाऊ, पाय पळसाकडे, पण खांदे बघा तुमचे! सरळ विहिरीकडे. बॉल तर डाव्या पायाच्याही पुढे ठेवलाय. एवढ्या पुढच्या बॉलपर्यंत क्लब न्यायचा म्हणजे खांदे उघडणारच. डाव्या टाचेच्या आतल्या बाजूच्या समोर ठेवा.

टायरपंक्चर
21 ऑक्टोबर, रात्री 9:07

अलाइनमेंट!!!

टायरपंक्चर
21 ऑक्टोबर, रात्री 9:08

पहिल्या प्रतिसादात सांगितलं होतं. लिहून ठेवा. फी 300 रुपये.

जुना_कॅडी
21 ऑक्टोबर, रात्री 11:10

टायरवाल्याला 300 दे बाबा.

नळी इंचभर नको, आणखी लांब काप. क्लब जमिनीवर टेकवला की निम्मा बॉल त्याच्या वर दिसला पाहिजे. टी बुटका असला की माणूस वरून कुऱ्हाड घातल्यासारखा मारतो, आणि तसा मारला की बाहेरून आतच येतो. ड्रायव्हरचा बॉल उचलून मारायचा असतो.

आता वाटेचं. खताची रिकामी थैली घे, घडी कर. बॉलच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे तुझ्यापासून पलीकडे, चार बोटं सोडून आणि बॉलच्या वीतभर मागे ठेव. बाहेरून आत आलास तर थैलीला लागेल. आतून आलास तर थैली हलणार नाही. लाकूड ठेवू नकोस, दगड तर नाहीच. एकानं वीट ठेवली होती, क्लबचं डोकं माझ्या कानाजवळून गेलं.

सोबत उजवा पाय डाव्यापेक्षा पाऊलभर मागे घे, खांदेही तेवढेच पळसाच्या उजवीकडे बघू देत. आधी अर्ध्या स्विंगनं, 7 नंबरनं. ड्रायव्हर आठ दिवस पाहायचाही नाही.

धुऱ्यावरचा_फौजी
21 ऑक्टोबर, रात्री 11:25

आठ दिवस??

जुना_कॅडी
21 ऑक्टोबर, रात्री 11:26

ऑर्डर आहे.

मुळाकाठ
22 ऑक्टोबर, सकाळी 7:15

थैलीचा ड्रिल उत्तम. (हा पाथचाच ड्रिल आहे हे नम्रपणे नोंदवतो.)

एक भर घालतो. बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे नेण्याच्या, टोकाला डावं मनगट मागच्या बाजूला मोडलेलं असेल तर ग्रिप कितीही सुधारा, फेस उघडतो. मनगटाचा मागचा भाग हाताशी सपाट राहिला पाहिजे. फूटपट्टी घड्याळाच्या पट्ट्यात खोचून बघा, मनगट मोडलं की टोचते.

जुना_कॅडी
22 ऑक्टोबर, रात्री 10:00

फूटपट्टीचं हे मला माहीत नव्हतं. चांगलं आहे साहेब.

बॅकफूट_पंच
22 ऑक्टोबर, रात्री 10:12

दोघांचं पटलं! धागा संपला, चला घरी.

तूरवाली_काकू
24 ऑक्टोबर, दुपारी 2:30

विषयांतर करते. या खेळात बायका खेळतात का हो आपल्याकडे?

रातराणी
24 ऑक्टोबर, दुपारी 4:45

काकू, 7 ऑगस्ट 2021. टोकियो ऑलिंपिकचा शेवटचा राउंड होता, आपल्याकडे पहाट. बंगळुरूची अदिती अशोक चौथी आली, ब्राँझ एका फटक्यानं हुकलं. ज्यांना गोल्फ म्हणजे काय ठाऊक नव्हतं असे लोक त्या सकाळी टीव्हीसमोर होते, माझ्या सासूबाई धरून. संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं आणि सगळे सकाळ विसरले. मी नाही विसरले. लांब मारणाऱ्यांत तिची गणती नव्हती, पुढच्या मुली तिच्या कितीतरी पुढे मारत होत्या. पण जिथं हवा तिथं बॉल ठेवायची आणि पटिंग (भोकाजवळचे हलके फटके) असं की बघत राहावं. फौजीभाऊंनी 9 अंशांच्या स्टिफचा हट्ट धरण्याआधी हे लक्षात घ्यावं. 12 अंशांचा जुना कुणाकडे मिळाला तर बघा, लॉफ्ट वाढला की वळण आपसूक कमी होतं.

धुऱ्यावरचा_फौजी
9 नोव्हेंबर, रात्री 9:00

मधे हरभरा पेरणी होती आणि कापूस वेचायला माणसं मिळत नव्हती, म्हणून उशीर.

आठ दिवसांचे बारा झाले. थैली पहिल्या दिवशी वीसपैकी चौदा वेळा उडाली. पुतण्या मोजायचा आणि दर वेळी "आऊट" म्हणायचा. शेवटच्या दिवशी वीसात तीनदा.

मग ड्रायव्हर काढला. नळी लांब, बॉल टाचेसमोर, दोन बोटं मागे, गाठी अडीच. पहिला पळसाच्या उजवीकडून निघाला. मी मनात म्हटलं गेला तुरीत. धुऱ्याच्या वरपर्यंत गेला आणि थोडा, अगदी थोडा, डावीकडे परतला. नाल्याच्या अलीकडे पडला. पुतण्या ओरडायचं विसरला.

दहातले पाच पट्टीत राहिले. दोन तुरीत, तीन हरभऱ्याच्या बाजूला. दमलो की जुनं अंग परत येतं, शेवटचे दोन्ही तुरीतले तसेच गेले. ठिपके बघून कळतं, दमल्यावर ते हीलकडे सरकतात. आता पंधरा बॉलच्या वर मारत नाही.

तुरीत गेलो नाही, काकू.

पदार्थविज्ञान_मास्तर
9 नोव्हेंबर, रात्री 9:40

दहातल्या आठवरून दोनवर. वर्गातली मुलं एवढ्या दिवसांत एवढी सुधारली असती तर निवृत्ती घेतली असती.

बॅकफूट_पंच
10 नोव्हेंबर, सकाळी 10:00

आता डावीकडचे तीन वाढले तर हुकचा, म्हणजे डावीकडे वळणाऱ्या बॉलचा, धागा काढा. मी उजवीकडे नेम धरायला सांगेन.

धुऱ्यावरचा_फौजी
18 जानेवारी, रात्री 8:15

धागा वर काढतोय, माफी.

काकांची तूर निघाली. काल संध्याकाळी ढेपीचा थैला खांद्यावर टाकून आले आणि ओट्यावर रिकामा केला. 31 बॉल. दोन थ्रेशरमधून गेलेले, त्यांची साल निघून आतलं पिवळं रबर दिसतंय. काका म्हणाले, "सोंगतानी बाया बॉल सापडला की हसे, अन् मी शिव्या देवो."

मग त्यांनी एक सांगितलं ते इथे सांगायचं म्हणून आलो. धुऱ्याजवळच्या पहिल्या चार तासांत फक्त पाच बॉल मिळाले. बाकी सगळे पार आत, दहाव्या-बाराव्या तासात, नाल्याच्या टोकाला. मी ऑक्टोबरभर शोधत होतो ते दुसऱ्या-तिसऱ्या तासात! बॉल धुरा ओलांडताना दिसायचा, तिथंच पडला असं वाटायचं. पण वळण शेवटाला वाढतं, वेग कमी झाला की जास्त दिसतं, आणि झाडांच्या शेंड्यांमागे तो आणखी वीस-पंचवीस यार्ड आत जात होता. म्हणजे तूर तुडवली तीही चुकीच्या जागी.

नुकसानीचं विचारलं. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग 31 मधले सहा बॉल वेचून घेतले, चुना लागलेले सोडून, धुतल्यासारखे पांढरे तेवढेच. म्हटलं काका, तुम्ही खेळणार? म्हणाले, "म्या कायले खेळतो? तुह्यी काकी म्हने, कोंबडी अंडे कुठीबी घालते, खुडुक बी बसत नाई. खुराड्यात हे ठेवून पाहातो."

आज सकाळी काकीनं सांगितलं, तांबडी कोंबडी काल रात्रीपासून त्यावर बसून आहे. उठवलं तर चोच मारते.

तूरवाली_काकू
18 जानेवारी, रात्री 8:50

खाली दोन खरी अंडी सरकवा म्हणावं. नुसत्या बॉलवर 21 दिवस बसवू नका बिचारीला.